जोडीतील एकच गिनीपिग मागावा का?

बेळगावातील शहापुरात राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीला गिनीपिग पाळायचा आहे. दुकानातून पिल्लू विकत आणण्यापेक्षा निराधार प्राण्याला घर द्यावे, या विचाराने त्यांनी पुण्यातील एका प्राणी निवाऱ्याशी संपर्क साधला. तिथे तीन वर्षांच्या दोन माद्या आहेत, मात्र त्या दोघी एकत्रच दत्तक दिल्या जातील, एक दिली जाणार नाही, असे निवाऱ्याने कळवले. ताईंचे घर जुने, कौलारू आहे आणि दिवसभर घरी फक्त सासूबाई असतात. एकच मादी मिळावी असा आग्रह धरावा का, बेळगावच्या हवेत ती टिकेल का आणि आजारी पडल्यास दाखवायचे कुठे, असे त्यांनी विचारले आहे. मे महिन्याच्या सुट्टीतच गिनीपिग घरी यावा, अशी मुलीची इच्छा आहे.

गेली बावीस वर्षे मी या भागात पशुवैद्यक म्हणून काम करतो. माझे बहुतेक काम गाई, म्हशी आणि कुत्र्यांचे आहे. पण गेल्या काही वर्षांत गिनीपिग घेऊन येणारी कुटुंबेही वाढली आहेत, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना आणण्याआधी जे कळायला हवे होते ते आणल्यानंतर कळले, याची मला खंत वाटते. ताईंनी आधी विचारले, याचा म्हणूनच आनंद आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. निवाऱ्याचे म्हणणे योग्य आहे. दोघींना घ्यावे, आणि दोघींना घेणे शक्य नसेल तर एकीलाही घेऊ नये. गिनीपिग हा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशात हजारो वर्षांपूर्वी माणसाळलेला प्राणी आहे आणि त्याचे रानटी भाईबंद आजही कळपाने राहतात. तो शिकारी प्राण्यांचे भक्ष्य असल्यामुळे एकटा असला की सतत सावध राहतो, आणि जवळ ओळखीचा सोबती असेल तरच निश्चिंतपणे खातो, पितो, अंग पसरून झोपतो. नव्या जागी ठेवलेल्या गिनीपिगच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते, पण ओळखीचा सोबती शेजारी असेल तर ही वाढ कमी होते, हे प्रयोगांत वारंवार दिसून आले आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून गिनीपिगसारख्या समूहप्रिय प्राण्याला सोबतीशिवाय एकटे ठेवण्यास कायद्याने मनाई आहे.

"मुलगी त्याच्याशी खेळेल, मग दुसरा कशाला?" असे मला अनेक पालक विचारतात. मुलगी शाळेत असते, शिकवणीला जाते, रात्री झोपते. गिनीपिग मात्र दिवसरात्र थोडाथोडा वेळ झोपून पुन्हा जागा होतो आणि घरातली माणसे बाहेर किंवा झोपेत असतानाही त्याचे जागेपणाचे कितीतरी तास जातात. त्या तासांत तो सोबत्याशी बारीक आवाजात बोलत राहतो, त्याच्या मागोमाग फिरतो, त्याने तोंड घातलेल्या गवतात आपलेही तोंड घालतो. यातले काहीही माणूस करू शकत नाही आणि ससाही करू शकत नाही. उलट ससे आणि कुत्री ज्या बॉर्डेटेला जिवाणूचे वाहक असतात, त्याच्यामुळे गिनीपिगला जीवघेणा न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून ससा सोबतीला आणून देणे हा पर्याय मी कोणालाही सुचवत नाही.

या दोघी माद्या आहेत आणि वयाने मोठ्या आहेत, ही गोष्ट आपल्या पथ्यावर पडणारी आहे. दुकानातून "दोन माद्या" म्हणून आणलेल्या पिल्लांपैकी एक नर निघाल्याची प्रकरणे माझ्याकडे दर वर्षी येतात. नर तीन आठवड्यांचा आणि मादी चार ते सहा आठवड्यांची असतानाच प्रजननक्षम होऊ शकते, गर्भकाळ साधारण ५९ ते ७२ दिवसांचा असतो आणि व्याल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. शिवाय जी मादी सहा-सात महिन्यांपर्यंत एकदाही व्यालेली नाही, तिच्या कटीच्या हाडांचा सांधा घट्ट होतो आणि पुढे गर्भ राहिल्यास प्रसूती अडून जीव जाण्याचा धोका असतो. निवाऱ्यातील प्रौढ जोडीच्या बाबतीत लिंग तपासलेले असते, स्वभाव कळलेला असतो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या दोघींचे एकमेकींशी पटते हे कोणीतरी महिनोन्महिने पाहिलेले असते. दोन अनोळखी गिनीपिगांना एकमेकांत रुळवणे हे आठवड्यांचे, कधी अपयशी ठरणारे काम आहे. ते इथे आयते झालेले आहे. गिनीपिगचे आयुष्य पाच ते आठ वर्षांचे असते, तेव्हा तीन वर्षांच्या जोडीची आणखी काही चांगली वर्षे आपल्या घरी जाऊ शकतात.

आता जागेविषयी. दुकानात मिळणारे जाळीच्या तळाचे पिंजरे आणू नयेत. जाळीवर चालून त्यांच्या तळपायांना जखमा होतात आणि त्या चिघळतात. दोघींसाठी किमान साडेसात चौरस फूट सपाट जागा लागते. मी आठ चौरस फूट, म्हणजे चार फूट लांब आणि दोन फूट रुंद अशी चौकट सुताराकडून करून घ्यावी असे सांगतो. वर झाकणाची जाळी अवश्य हवी, कारण जुन्या शहापुरातील घरांत घुशी आणि मांजरे यांचा वावर असतो. हीच जोडी खानापूरच्या बाजूला जाणार असती तर मी साप आणि मुंगूस यांचीही आठवण करून दिली असती. सोप्यात किंवा पडवीत ठेवण्याचा मोह टाळावा आणि आतल्या खोलीत, देवघराच्या धुपापासून व डासांच्या अगरबत्तीपासून दूर जागा ठरवावी. यांची फुप्फुसे नाजूक असतात. निपाणीच्या एका कुटुंबाला मी तंबाखूच्या पोत्यांची खोली सोडून दुसऱ्या खोलीत पिंजरा हलवायला लावला, तेव्हा कुठे त्यांच्या गिनीपिगची शिंक थांबली. लपायची घरे दोन असावीत आणि प्रत्येकाला दोन दारे असावीत, म्हणजे एक दुसरीला कोपऱ्यात कोंडू शकत नाही. भांडी, पाण्याच्या बाटल्या, गवताचे ढीग हेही दोन-दोन ठेवावे. खाली जाड सुती कापडाचे थर किंवा धूळविरहित कागदी अंथरूण घालावे. भाताचा तूस आणि लाकडाचा भुसा धुळीमुळे टाळावा.

आहारावर मी थोडा अधिक वेळ घेतो, कारण माझ्याकडे येणारे निम्म्याहून अधिक गिनीपिग चुकीच्या आहारामुळेच आजारी पडलेले असतात. घरोघरी दिसणारी समजूत अशी की, हा प्राणी गाजर आणि काकडीवर जगतो. खरे म्हणजे त्याच्या आहाराचा सुमारे ऐंशी टक्के भाग वाळलेले गवत असायला हवा आणि ते चोवीस तास समोर असायला हवे. त्याचे दात, पुढचेही आणि दाढाही, जन्मभर वाढत राहतात. गवत चघळूनच ते झिजतात, आणि गवत कमी पडले की दाढा वाढून जिभेला टोचतात व प्राणी भुकेला असूनही खाऊ शकत नाही. बाहेरून येणारे टिमोथी गवत बेळगावात पार्सलने मागवता येते आणि ते उत्तम असते. त्याच्या जोडीला स्वच्छ जागची हराळी, म्हणजे आपण गणपतीला वाहतो त्याच दूर्वा, धुऊन आणि निथळून देता येतात. मात्र उसाच्या बांधावरचे गवत आणू नये, कारण तिथे तणनाशक फवारलेले असण्याची शक्यता मोठी असते. कापलेल्या गवतात गाजर गवत किंवा घाणेरीची पाने मिसळलेली नाहीत हेही डोळ्यांनी पाहावे. गावाकडून कोणी प्रेमाने ज्वारीची कोवळी हिरवी ताटे आणून दिली तर ती नाकारावीत. कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. ज्या किराळीने, म्हणजे कोवळ्या ज्वारीच्या विषबाधेने, म्हशी दगावतात ती एक किलोच्या प्राण्याला सोडणार नाही. भाताची पिंजर पोषणाला अपुरी असते. लसूणघासात कॅल्शियम जास्त असल्याने प्रौढ माद्यांना तो रोज दिल्यास मूत्राशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

दुसरी अत्यावश्यक गोष्ट म्हणजे क जीवनसत्त्व. माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरातही ते तयार होत नाही. १९०७ साली नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिख या संशोधकांनी केवळ धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगांमध्ये स्कर्व्ही झालेला पाहिला, आणि त्यातूनच या रोगाचे मूळ आहारात शोधण्याची वाट मोकळी झाली. प्रौढ गिनीपिगला दर किलो वजनामागे रोज दहा ते तीस मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. गणपत गल्लीच्या बाजारात बारा महिने मिळणारी ढबू मिरची यासाठी सर्वांत सोयीची आहे; शंभर ग्रॅम हिरव्या ढबू मिरचीत सुमारे ऐंशी मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, म्हणजे प्रत्येकीला रोज तीसेक ग्रॅमचा तुकडा दिला की गरज बहुतांशी भागते. सोबत कोथिंबीर आणि आठवड्यातून एक-दोनदा पेरूची पातळ फोड द्यावी. पेरूत क जीवनसत्त्व भरपूर असले तरी साखरही असते. पालक आणि शेवग्याचा पाला क्वचितच द्यावा. कोबीने पोट फुगते. कांदा, लसूण, बटाटा आणि शिजवलेले अन्न कधीच देऊ नये. सासूबाईंना हे विशेष सांगून ठेवावे. प्रेमापोटी भाकरीचा तुकडा किंवा गूळ पुढे करणारे हात घरातील वडीलधाऱ्यांचेच असतात आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण आपल्याकडे दारात आलेल्या जनावराला काहीतरी देण्याचीच रीत आहे. म्हणून काय द्यायचे याची एक परडी सकाळीच भरून त्यांच्या हाताशी ठेवावी, म्हणजे त्यांच्या हातूनही खाऊ घातले जाईल आणि पथ्यही सांभाळले जाईल.

गोळ्यांच्या स्वरूपातील खाद्य घेताना एक गोष्ट पाहावी. अनेक पाकिटांवर ससा आणि गिनीपिग दोघांची चित्रे असतात. पण सशाच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होते, त्यामुळे सशासाठी बनवलेल्या खाद्यात ते घातलेले नसते. गिनीपिगच्या खाद्यातले क जीवनसत्त्वही तयार झाल्यापासून साधारण तीन महिन्यांत बरेच कमी होते. म्हणून उत्पादनाची तारीख वाचावी आणि पाच किलोचे पोते स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. पिण्याच्या पाण्यात क जीवनसत्त्वाचे थेंब टाकण्याची पद्धतही उपयोगाची नाही. पाण्यात ते लवकर नष्ट होते आणि चव बदलल्यामुळे प्राणी पाणी पिणे कमी करतो.

हवेचा प्रश्न ताईंनी योग्य विचारला. गिनीपिगला अठरा ते चोवीस अंश सेल्सिअस तापमान मानवते आणि तीस अंशांच्या वर त्याला उष्माघाताचा खरा धोका असतो. अथणी, रायबागच्या मानाने बेळगाव शहर थंड आहे, तरी एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा छत्तीस-सदतीसपर्यंत जातो. कौलारू घर पत्र्याच्या घरापेक्षा पुष्कळ बरे असते. त्या दिवसांत पिंजरा जमिनीलगत, शहाबादी फरशीवर ठेवावा, खिडकीला ओला पडदा लावावा आणि बर्फ झालेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पिंजऱ्याच्या एका बाजूला ठेवावी, म्हणजे हवे तेव्हा त्या तिच्याजवळ जातील. प्राणी लाळ गाळत, धापा टाकत आडवा पडला असेल तर बर्फाचे नव्हे, साध्या गार पाण्याने त्याचे कान व पाय भिजवावेत आणि लगेच दवाखान्यात न्यावे. शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूकही याच उन्हाळ्यात येते. त्या रात्री ढोल आणि ध्वनिवर्धकांपासून दूरची खोली त्यांना द्यावी.

मला मात्र उन्हाळ्यापेक्षा आपल्या पावसाळ्याची काळजी अधिक वाटते. उन्हाळ्याचा धोका दिसतो, दमटपणाचा दिसत नाही. मृगापासून पुढे तीन महिने गवताला बुरशी धरते, आणि बुरशीचे गवत खाऊन किंवा हुंगून पोट व छाती दोन्ही बिघडतात. वळीव सुरू होण्याआधीच तीन महिने पुरेल इतके कोरडे गवत आणून, हवा खेळेल अशा सुती पोत्यात, भिंतीपासून आणि जमिनीपासून वर ठेवावे. हातात घेतल्यावर धूळ उडाली किंवा कुबट वास आला तर ती पेंढी टाकून द्यावी. अंथरुणाची कापडे रोज बदलावीत. ओल्या कापडावर बसून तळपाय लाल होतात. याच दिवसांत नायट्याची लागण दिसते. नाक, डोळे आणि कान यांभोवतीचे केस जाऊन खपल्या दिसू लागल्या तर मुलीने काही दिवस त्यांना उचलू नये, कारण तो नायटा माणसालाही होतो.

उपचारांविषयी मी वाचकांना कळकळीने सांगतो की, दवाखाना आधी ठरवावा आणि प्राणी नंतर आणावेत. आपल्या जिल्ह्यातील पशुवैद्यक मुख्यतः गाई-म्हशी आणि कुत्र्यांवर उपचार करतात. त्यांच्यापैकी ज्यांनी गिनीपिग हाताळलेले आहेत असे एक-दोघे फोन करून शोधावेत. फोनवर एक प्रश्न नक्की विचारावा: "गिनीपिगला आपण कोणते प्रतिजैविक देता?" पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन किंवा एरिथ्रोमायसिन यांपैकी काही तोंडावाटे देतो, असे उत्तर आले तर दुसरा दवाखाना पाहावा. ही औषधे माणसाला, कुत्र्याला चालतात. पण गिनीपिगच्या आतड्यातील उपयोगी जिवाणू त्यांनी मरतात, घातक क्लॉस्ट्रिडियम जिवाणू बळावतात आणि काही दिवसांत प्राणी दगावतो. काही वर्षांपूर्वी सर्दी झालेला एक नर माझ्याकडे आणला गेला. त्याला अन्यत्र लहान मुलांचे अमॉक्सिसिलिनचे पातळ औषध दिले गेले होते. त्याच्या पोटात वायू भरला होता, जुलाब सुरू झाले होते, आणि दोन रात्री प्रयत्न करूनही मी त्याला वाचवू शकलो नाही. मूळ सर्दी साधी होती. या कारणानेच घरातील उरलेले कोणतेही औषध स्वतःच्या मनाने देऊ नये. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी पुणे-बेंगळूर महामार्गावरील शिरवळचे पशुवैद्यक महाविद्यालय किंवा पुण्यातील दवाखाने जवळ करावे लागतील, हे गृहीत धरावे.

घरी करण्याची तपासणी एकच आहे, पण ती चुकवू नये: दर रविवारी स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर दोघींचे वजन करून वहीत लिहावे. प्रौढ मादीचे वजन साधारण सातशे ग्रॅम ते एक किलोच्या आसपास असते. आठवड्यात पन्नास ग्रॅम घटले तर लक्ष ठेवावे. शंभर ग्रॅम घटले तर दवाखाना गाठावा. गिनीपिग आजार लपवतो, आणि बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. काटा मात्र आधी सांगतो. बारा तास काहीही खाल्ले नाही किंवा लेंड्या थांबल्या तर उद्याची वाट पाहू नये. तीन वर्षांपुढील माद्यांच्या बीजकोशात गाठी होणे सामान्य आहे. कुशीवरचे केस दोन्ही बाजूंनी सारखेच विरळ झाले तर ते तपासून घ्यावे. आणि एकीलाच दाखवायचे असले तरी दोघींना एकाच पेटीतून न्यावे. एकटीच जाऊन दवाखान्याचा वास अंगावर घेऊन आलेली मादी दुसरीला क्षणभर परकी वाटू शकते, आणि सोबत असताना आजारी प्राणी लवकर खायला लागतो.

दोघींमध्ये थोडे मागे लागणे, घुमल्यासारखा आवाज काढून डुलत चालणे, एकीने दुसरीच्या तोंडचे गवत ओढणे हे भांडण नव्हे. नव्या घरी आल्यावर मोठेपणा पुन्हा ठरतो. सतत दात कडकडवणे, अंगावर झेप घेणे आणि रक्त निघणे हे मात्र भांडण असते, आणि तेव्हा हात मध्ये न घालता मध्ये पाट किंवा पुठ्ठा घालून त्यांना वेगळे करावे.

मुलीने त्यांना उभ्याने उचलू नये. जमिनीवर मांडी घालून बसावे, एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली द्यावा. टेबलाच्या उंचीवरून पडूनही यांचा कणा मोडतो.

पुढे कधीतरी एक आधी जाईल. ती वेळ आल्यावर काय करायचे हे दत्तक घेतानाच निवाऱ्याशी बोलून ठेवावे. उरलेलीला त्यांनी परत घ्यावे, की त्यांच्याकडील दुसऱ्या एकट्या मादीशी तिची गाठ घालून द्यावी, हे करारातच लिहून घेता येते. मुलगी तेव्हा मोठी झालेली असेल, कदाचित दहावीच्या आसपास असेल, याचाही विचार आजच करावा.

आणण्याच्या वेळेविषयी माझे मत असे की, मे महिन्यात पुण्याहून बेळगावपर्यंतचा सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास त्यांना घडवू नये. निवाऱ्याला विनंती करून जून उजाडल्यावरचा थंड दिवस ठरवावा, आणि तोवर सुट्टीत मुलीला चौकट बनवू द्यावी, कापडे शिवू द्यावीत, वजनाची वही आखू द्यावी. स्वतःच्या गाडीने पहाटे पुण्याहून निघावे. बसच्या सामानाच्या कप्प्यात त्यांना कधीही ठेवू नये. दोघींना एकाच हवेशीर पेटीत, भरपूर गवत आणि काकडीच्या फोडी देऊन बसवावे. हलत्या गाडीत त्या बाटलीतून पाणी पिणार नाहीत, काकडीतून त्यांना ते मिळेल. निवाऱ्याकडून त्यांचे सध्याचे खाद्य आठवडाभराचे आणि त्यांच्या वासाचे एक न धुतलेले कापड मागून आणावे. घरी पोचल्यावर ते कापड लपायच्या घरात अंथरावे, पिंजऱ्याचा अर्धा भाग चादरीने झाकावा आणि पहिले तीन-चार दिवस त्यांना उचलू नये. पहिल्या रात्री फक्त इतके पाहावे की दोघींनी गवत खाल्ले आहे आणि सकाळी अंथरुणावर लेंड्या पडल्या आहेत.